नवी औषधे, नवी यंत्रे आणि निवासी डॉक्टरांचे शिक्षण : नेमके काय शिकायचे आणि काय सोडून द्यायचे?

प्रश्न : रात्रपाळी

सर्वांना नमस्कार. मी मेडिसिन विभागात निवासी डॉक्टर असून सध्या दुसऱ्या वर्षात आहे. येथे अनेक अनुभवी चिकित्सक आणि अध्यापक लिहीत असल्यामुळे एक प्रश्न थोडा सविस्तर मांडत आहे.

पदवीच्या परीक्षेसाठी जे पाठ केले होते, त्यातले बरेचसे प्रत्यक्ष वॉर्डात उभे राहीपर्यंत बदललेले होते. एसजीएलटी-2 गटातील (साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या मी मधुमेहाच्या प्रकरणात शिकलो. आता त्या हृदय निकामी होण्याच्या विकारात, मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही, पहिल्या फळीत दिल्या जातात. पक्षाघाताच्या रुग्णात मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी काढण्याची मुदत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉन चाचणीनंतर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत गेली. कर्करोगाच्या वॉर्डात केमोथेरपीऐवजी किंवा तिच्या जोडीने प्रतिकारशक्तीचे लगाम सोडणारी औषधे आली. 2023च्या अखेरीस तर सिकल सेल आजारावर क्रिस्पर तंत्राने जनुक संपादन करणाऱ्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. याशिवाय खिशात मावणारी सोनोग्राफी यंत्रे आहेत, आणि ईसीजी किंवा एक्स-रे वाचून आधीच शेरा देणाऱ्या संगणक प्रणाली आहेत.

माझे एक वरिष्ठ म्हणतात, दर आठवड्याला नियतकालिके वाचत जा, नाहीतर मागे पडशील. दुसरे म्हणतात, ते सगळे नंतर, आधी रुग्णाच्या मानेतली शीर पाहायला शीक. दोघांचेही ऐकायची इच्छा आहे, पण ड्यूटी संपल्यावर उरणारा वेळ आणि शिल्लक राहिलेले अवधान या दोन्हींना मर्यादा आहेत. म्हणून विचारतो की, नव्याने येणाऱ्या गोष्टींपैकी कोणती मनावर घ्यायची आणि कोणती तूर्त बाजूला ठेवायची, हे तुम्ही कशावरून ठरवता? हाताने आणि कानाने करायची तपासणी शिकण्यात आज घातलेला वेळ पुढे उपयोगी पडेल का? आणि सेंट्रल लाइनसारख्या (मोठ्या शिरेत नळी घालण्याच्या) प्रक्रियांत हात बसण्यासाठी रुग्णावरच शिकण्याला काही पर्याय आहे का? "दोन्ही महत्त्वाचे आहे" एवढेच उत्तर कृपया देऊ नये, ते मला रोज मिळते.

उत्तर : जुना वॉर्ड

रात्रपाळी यांस,

मी अध्यापन करणारा फिजिशियन आहे, तेव्हा पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. नवे औषध किंवा नवी चाचणी समोर आली की मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट शोधायला सांगतो: हिच्यामुळे आपला कोणता जुना आडाखा मोडतो? मात्रा, दुष्परिणामांची यादी आणि निर्देश कुठेही सापडतात. मोडलेला आडाखा मात्र कोणी बोट ठेवून दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही, कारण आडाखा वापरत असताना आपण तो वापरतो आहोत याचेच आपल्याला भान नसते.

तुमच्याच उदाहरणातल्या गोळ्या घ्या. रात्री दोन वाजता उलट्या आणि पोटदुखी घेऊन मधुमेही रुग्ण येतो. ग्लुकोमीटरवर 170 दिसते. "साखर 250च्या पुढे नाही, म्हणजे किटोॲसिडोसिस (रक्तात किटोन ही आम्ले साचणे) नाही" हा आडाखा पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला, आणि त्याच जोरावर हा रुग्ण जठराला सूज आल्याच्या निदानाखाली सलाइनच्या एका बाटलीवर घरी जाऊ शकतो. तो एसजीएलटी-2 गटातले औषध घेत असेल तर हा आडाखा निरुपयोगी आहे. औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकत राहते, त्यामुळे रक्तातला आकडा चढत नाही. पण इन्सुलिन कमी पडल्याने शरीर चरबी जाळत असते आणि किटोन साचत जातात. पलंगाशेजारी उभे राहून पाहिले तर श्वास खोल आणि जलद दिसतो, छातीत मात्र काही वावगे ऐकू येत नाही. येथे रक्तातील आम्लतेचा अंदाज देणारे बायकार्बोनेट आणि ॲनायन गॅप, आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा मुख्य किटोन पाहावा लागतो. लघवीची पट्टी हा किटोन मोजतच नाही, म्हणून ती सौम्य उत्तर देऊन फसवू शकते. उपचारातही एक फरक आहे: साखर आधीच कमी असल्याने इन्सुलिनबरोबर डेक्स्ट्रोज बहुधा सुरुवातीपासूनच द्यावे लागते, नेहमीसारखी साखर उतरण्याची वाट पाहून चालत नाही.

प्रतिकारशक्तीचे लगाम सोडणाऱ्या औषधांचेही तसेच. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना ज्या शोधांसाठी 2018चे नोबेल मिळाले, त्यांतून आलेली ही औषधे शरीराच्या कोणत्याही अवयवात दाह निर्माण करू शकतात, आणि तेही उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, कधी उपचार थांबवल्यानंतरही. कर्करोगाच्या रुग्णाला जुलाब लागले की आपण संसर्ग शोधतो, थकवा आला की तो आजाराचाच भाग समजतो, धाप लागली की न्यूमोनिया म्हणून प्रतिजैविक लिहितो. संसर्ग शोधलाच पाहिजे. पण जुलाब मोठ्या आतड्याच्या दाहाचे असतील, थकव्यामागे पिट्युटरी किंवा ॲड्रिनल ग्रंथी बंद पडलेली असेल आणि धाप फुप्फुसाच्या निर्जंतुक दाहाची असेल, तर उपचार स्टेरॉइडचा आहे. हे तुम्हाला केवळ कर्करोगतज्ज्ञ व्हायचे असल्यास ठाऊक हवे असे नाही. असा रुग्ण रात्री तुमच्याच कक्षात येणार आहे आणि त्याच्या कागदपत्रांत औषधाचे नाव तुम्हालाच ओळखावे लागणार आहे.

आता नव्यावर विश्वास केव्हा ठेवायचा? येथे मी थोडा सनातनी आहे. 2001 मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन येथील एका केंद्रातून, मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. अतिदक्षता विभागात इन्सुलिनच्या धारेने साखर 80 ते 110 मध्ये ठेवली तर तेथील मृत्यू 8 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर येतात, असे तिचे उत्तर होते. ते इतके देखणे होते की जगभर अनेक विभागांनी तीच पद्धत उचलली. 2009 मध्ये 6,000हून अधिक रुग्णांवरची नाइस-शुगर चाचणी आली आणि तिने उलट दाखवले: साखर काटेकोर ठेवलेल्या गटात 90 दिवसांतील मृत्यू 27.5 टक्के, आणि 180पर्यंत सैल ठेवलेल्या गटात 24.9 टक्के. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण पहिल्या गटात 6.8 टक्के होते, दुसऱ्यात 0.5 टक्के. तेव्हा एकाच केंद्रातली, विशिष्ट प्रकारच्या रुग्णांवरची, अपेक्षेपेक्षा फारच मोठा फायदा दाखवणारी चाचणी पाहिली की मी टाळ्या वाजवण्याआधी दुसऱ्या चाचणीची वाट पाहतो.

उलट बाजूने एसजीएलटी-2ची कथा पाहण्यासारखी आहे. रोसिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने हृदयाला धोका होतो का, या वादानंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 मध्ये मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयाला धोका वाढत नाही हे दाखवले पाहिजे, अशी अट घातली. धोका नाही हे दाखवण्यासाठी घेतलेल्या चाचण्यांत हृदयाचा फायदाच दिसून आला. पण तेवढ्यावर न थांबता 2019 मध्ये प्रसिद्ध झालेली डापा-एचएफ ही चाचणी खास हृदय निकामी झालेल्या रुग्णांवर घेतली गेली, ज्यांतल्या निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हता. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयक्रिया बिघडणे यांचे प्रमाण 21.2 टक्क्यांवरून 16.3 टक्क्यांवर आले. वेगवेगळ्या औषधांनी, वेगवेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या रुग्णांत तोच निष्कर्ष पुन्हा काढला, म्हणून ती औषधे आज पहिल्या फळीत आहेत.

शेवटचा मुद्दा, थोडक्यात. सिद्ध झालेला उपचारही कोणावर सिद्ध झाला हे पाहावे. कोविडच्या काळात रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे 28 दिवसांतील मृत्यू 41.4 वरून 29.3 टक्क्यांवर आणले; ऑक्सिजनची गरज नसलेल्यांत मात्र काहीही फायदा दिसला नाही, उलट नुकसानीकडे झुकणारा कल होता. चाचणीचा सारांश "डेक्सामेथासोन उपयोगी" एवढाच लक्षात ठेवणाऱ्यांनी ते सौम्य आजाराच्या रुग्णांनाही दिले.

उत्तर : आपत्कालीन कक्ष

जुना वॉर्ड यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. परंतु दुसऱ्या प्रश्नावर येथे लवकरच स्टेथोस्कोपचे गोडवे गायले जातील अशी शंका आल्यामुळे आधीच विरोधी मत नोंदवतो.

लेनेक यांनी 1816 मध्ये कागदाची गुंडाळी करून छातीचे आवाज ऐकले, कारण त्या काळी छातीच्या आत डोकावण्याचा दुसरा मार्ग नव्हता. तो आज आहे. अपघातातला, पाठीवर आडवा झोपलेला रुग्ण घ्या. गोंगाटात त्याच्या दोन्ही बाजूंच्या श्वासाच्या आवाजातला फरक ऐकू येण्याची शक्यता कमी, आणि झोपलेल्या स्थितीतला एक्स-रेही छातीत साठलेली हवा बऱ्याचदा दाखवत नाही. सोनोग्राफीचा प्रोब बरगड्यांच्या मधल्या जागेत ठेवला तर फुप्फुसाचे आवरण श्वासागणिक सरकताना दिसते. ते तसे सरकत असेल तर निदान त्या जागी तरी हवा साठलेली नाही हे काही सेकंदांत कळते. अशा वेळी ठोकून आणि ऐकून निदान करण्याची कला शिकवण्यात तास घालवणे म्हणजे परंपरेचा मान राखणे झाले, रुग्णाचा नव्हे. ताठ बोटांनी छाती ठोकत उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत गुण मिळतात, आणि तीच परीक्षा त्याला प्रोब कसा धरायचा हे विचारत नाही, याला काय म्हणावे?

प्रोबही फसवतो, हे मान्य. आवरण सरकत नाही म्हणजे हवा साठलीच असे नाही. श्वासासाठी घातलेली नळी चुकून श्वासनलिकेच्या उजव्या शाखेत गेली असेल तर डाव्या बाजूला श्वासच पोहोचत नाही, म्हणून सरकणे दिसत नाही; जुन्या आजाराने आवरणे चिकटलेली असली तरी तेच दिसते. अशा रुग्णाच्या डाव्या छातीत घाईने नळी घालणे हा घोर अनर्थ ठरेल. पण ही चूक टाळण्याचा उपाय प्रोब चांगला शिकवणे हा आहे. तपासणीच्या यादीत जुने तसेच ठेवून वर नवे चढवत गेलो, तर निवासी डॉक्टरांना सगळेच अर्धवट येईल. काही गोष्टी अभ्यासक्रमातून काढाव्या लागतील, आणि काढण्याचे धाडस अध्यापकांनी दाखवले पाहिजे.

उत्तर : आकडेमोड

आपत्कालीन कक्ष यांचे उदाहरण बिनतोड आहे, परंतु ते अशा रुग्णाचे आहे ज्याच्याबद्दलचा प्रश्न आधीच ठरलेला आहे. अपघात, छातीला मार, हवा साठली आहे की नाही? वॉर्डातले बहुसंख्य रुग्ण असा तयार प्रश्न घेऊन येत नाहीत. प्रश्न कोणता, हे ठरवण्याचे काम इतिहास आणि तपासणी करते, आणि ते नीट झाले नाही तर चांगल्या यंत्राचेही उत्तर वाया जाते. याचे गणित अगदी साधे आहे.

समजा, एखादी चाचणी आजार असलेल्या 100 पैकी 90 जणांत होकार देते आणि आजार नसलेल्या 100 पैकी 90 जणांत नकार देते. ती सरसकट 1,000 रुग्णांवर केली आणि त्यांतल्या 20 जणांनाच आजार असला, तर होकार 116 येतील: 18 खरे आणि 98 खोटे. म्हणजे होकार आलेल्या सहा-सात जणांत एकच खरा रुग्ण. आता तीच चाचणी, त्याच यंत्रावर, पण विचारपूस आणि तपासणी करून निवडलेल्या अशा 1,000 जणांवर करा की ज्यांतल्या 400 जणांना तो आजार आहे. होकार 420 येतील आणि त्यांतले 360 खरे असतील. यंत्र बदलले नाही. चाचणी कोणावर करायची हा निर्णय बदलला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची उच्च संवेदनशीलतेची चाचणी हे याचे रोज दिसणारे रूप आहे. ती मूत्रपिंड निकामी झालेल्या, सेप्सिस असलेल्या किंवा हृदयाचे ठोके बराच वेळ जलद पडलेल्या रुग्णातही वाढलेली येते. छातीत दुखते का, केव्हापासून, ईसीजी काय सांगतो, आणि काही तासांनी आकडा चढतो की तसाच राहतो, हे न पाहता ती सर्वांनाच पाठवली तर हृदयविकाराच्या झटक्याचे निदान भलत्याच रुग्णांच्या कपाळी येते. ट्रोपोनिन वाढले म्हणजे झटका, हाही जुना वॉर्ड यांच्या भाषेत मोडलेला आडाखाच.

प्रश्नकर्त्यांनी संगणक प्रणालींचा उल्लेख केला आहे, म्हणून त्याविषयी. त्या उपयोगाच्या नाहीत असे म्हणण्याचे दिवस गेले. स्वीडनमधील मासाई चाचणीत 80,000हून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांच्या मॅमोग्राफीत प्रणालीची मदत घेतली असता चित्रे वाचण्याचे काम 44 टक्क्यांनी कमी झाले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही, थोडे वाढलेच. पण शिकणाऱ्यांच्या दृष्टीने मला दुसरा एक अभ्यास अधिक महत्त्वाचा वाटतो. 2025 मध्ये पोलंडमधील चार केंद्रांचा अनुभव प्रसिद्ध झाला. तेथे कोलोनोस्कोपीत गाठी दाखवून देणारी प्रणाली आणल्यानंतर त्याच डॉक्टरांनी प्रणालीविना केलेल्या तपासण्या पाहिल्या गेल्या. अशा तपासण्यांत ॲडिनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारी गाठ) सापडण्याचे प्रमाण पूर्वी 28.4 टक्के होते, ते 22.4 टक्क्यांवर आले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, रुग्णांची निवड किंवा कामाचा ताण बदललेला असू शकतो, त्यामुळे त्यावरून ठाम निष्कर्ष काढू नये. तरीही लक्षात घ्या की हे सगळे अनुभवी, हात बसलेले डॉक्टर होते. ज्याचा डोळा अजून तयारच झालेला नाही, त्याला पहिल्या दिवसापासून पडद्यावर चौकट काढून मिळाली, तर त्याचा डोळा तयार केव्हा होणार?

म्हणून आमच्याकडे शिकणाऱ्यांसाठी एकच शिस्त ठेवली आहे. प्रणालीचा शेरा झाकलेला असतो. ईसीजी हातात आला की आधी स्वतःचे वाचन आणि त्याबद्दलची खात्री टक्क्यांत लिहायची, मग शेरा उघडायचा, आणि दोहोंत फरक असेल तर कोण बरोबर हे वरिष्ठांसमोर ठरवायचे. "80 टक्के खात्री" असे लिहिलेल्या वाचनांपैकी खरोखर किती बरोबर निघाली, हे काही महिन्यांनी मोजता येते. बहुतेकांची खात्री त्यांच्या अचूकतेपेक्षा जास्त निघते, आणि ते आकड्यांत दिसल्यावर वादाला जागा राहत नाही.

उत्तर : भूल विभाग

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून मी लिहिते. "एकदा पाहा, एकदा करा, एकदा शिकवा" ही पद्धत ज्यांनी चालवली त्यांना दोष देत नाही, परंतु आता तिला पर्याय आहे आणि त्याचा पुरावाही आहे.

2002 मध्ये पित्ताशयाच्या लॅप्रोस्कोपी शस्त्रक्रियेवर एक छोटा पण नेटका प्रयोग झाला. काही निवासी सर्जनांना आभासी यंत्रावर ठरावीक दर्जा गाठेपर्यंत सराव दिला, इतरांना नेहमीचे प्रशिक्षण. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम 29 टक्के कमी वेळात केले, आणि सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलत्या ऊतीला चटका बसण्याची शक्यता पाचपट होती. सेंट्रल लाइनबद्दल 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर थेट रुग्णापर्यंत पोहोचतो. निवासी डॉक्टरांना पुतळ्यावर, ठरलेली गुणपातळी गाठल्याशिवाय वॉर्डात लाइन टाकू न देण्याचा नियम केल्यावर त्या अतिदक्षता विभागातील लाइनमुळे होणारा रक्तसंसर्ग लाइन असलेल्या दर 1,000 दिवसांमागे 3.2 वरून 0.5 वर आला. येथे "ठरलेली गुणपातळी" हे शब्द कळीचे आहेत. वेळ सर्वांना सारखा आणि कौशल्य ज्याच्या त्याच्या नशिबाने, ही रीत उलटी केली: कौशल्य सर्वांना सारखे, वेळ ज्याला जितका लागेल तितका.

पुतळ्यावर नेमके काय शिकायचे, याचे एक उदाहरण देते. सोनोग्राफीखाली मानेच्या शिरेत सुई घालताना शीर आडवी, गोल दिसेल असा प्रोब धरला, तर सुई पडद्यावर एक चमकता ठिपका म्हणून दिसते. नवशिक्याला वाटते की ठिपका म्हणजे सुईचे टोक. पुष्कळदा तो सुईच्या दांड्याचा छेद असतो आणि टोक केव्हाच शिरेची मागची भिंत ओलांडून धमनीकडे निघालेले असते. उपाय हा की ठिपका दिसताच सुई थांबवायची, प्रोब किंचित पुढे कलवून ठिपका नाहीसा होतो का पाहायचे, नाहीसा झाला तरच ते टोक, आणि मग सुई तितकीच पुढे न्यायची. सुई आणि प्रोब यांचा हा पाठशिवणीचा खेळ अंगवळणी पडायला वारंवार चुकावे लागते, आणि त्या चुका रबराच्या मानेवर झालेल्या बऱ्या. जिच्यावरून लाइन शिरेत सरकवतात ती मार्गदर्शक तार हातातून कधीही न सोडण्याची सवयही तेथेच लागते.

मात्र पुतळा घाबरत नाही, हलत नाही, त्याचे रक्त पातळ झालेले नसते. त्यामुळे पुतळ्यानंतर थेट एकट्याने करणे योग्य नाही. नेदरलँड्सच्या ओले टेन कॅटे यांनी 2005 मध्ये मांडलेली पद्धत आता अनेक देशांत रुजली आहे: प्रत्येक कामासाठी शिकणाऱ्यावर किती विश्वास टाकता येतो याच्या पायऱ्या ठरवायच्या. आधी फक्त पाहणे, मग वरिष्ठ शेजारी असताना करणे, मग वरिष्ठ हाकेच्या अंतरावर, मग स्वतंत्रपणे, आणि शेवटी दुसऱ्याला शिकवणे. एकच व्यक्ती लाइन टाकण्यात चौथ्या पायरीवर आणि कुटुंबाला वाईट बातमी सांगण्यात पहिल्या पायरीवर असू शकते. वर्ष दुसरे की तिसरे यावरून हे ठरत नाही, आणि ठरवूही नये.

एक विषयांतर करते, कारण प्रश्नकर्त्यांचे नावच रात्रपाळी आहे. पाळी बदलताना रुग्णांची माहिती कशी सोपवायची, हे शिकवण्याला कोणी प्रगती म्हणत नाही. पण 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय-पास अभ्यासात नऊ बालरुग्ण विभागांत केवळ हँडओव्हर ठरावीक साच्यात बांधून शिकवल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा 30 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि त्याला जास्त वेळही लागला नाही. आजार किती गंभीर, थोडक्यात सारांश, करायची कामे, काय बिघडू शकते आणि तसे झाल्यास काय करायचे, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगणे, एवढाच तो साचा आहे. एखाद्या नव्या गोळीने चुका 23 टक्क्यांनी कमी केल्या असत्या तर तिच्या जाहिराती झळकल्या असत्या.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. आधी वाचन लिहून मग शेरा उघडण्याची पद्धत आजपासूनच सुरू करतो. आपत्कालीन कक्ष यांना एक विचारायचे आहे: तुम्ही म्हणता काही गोष्टी काढून टाका, तर मग माझ्या वरिष्ठांनी सांगितलेली मानेची शीर त्यात येते का? आणि जुना वॉर्ड सर, मोडलेले आडाखे शोधायचे कुठे? चाचण्यांच्या सारांशात ते कोणी लिहीत नाही. याच संदर्भात आणखी एक: शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णाच्या एसजीएलटी-2 गोळ्या केव्हा थांबवायच्या, यावरून आमच्या वॉर्डात नुकताच वाद झाला.

उत्तर : आपत्कालीन कक्ष

मानेची शीर मी काढणार नाही. हृदय निकामी झालेल्या रुग्णात पाणी काढण्याच्या औषधाची मात्रा रोज ठरवावी लागते, आणि रुग्णाला 45 अंशांत बसवून शीर पाहण्यास काही सेकंद लागतात. ती जाड मानेत दिसत नाही, तेव्हा प्रोबने खालची महाशीर पाहावी. छाती ठोकून हृदयाच्या सीमा आखणे मात्र मी आजच काढून टाकीन. निकष असा: त्या तपासणीच्या उत्तरावर पुढचा निर्णय बदलतो का, आणि तेच उत्तर देणारे अधिक खात्रीचे साधन पलंगाशेजारी उपलब्ध आहे का? आकडेमोड यांचे गणित मान्य आहे, परंतु त्यातली निवड मुख्यतः इतिहासावर होते. इतिहास घेण्याचे शिक्षण कमी करा असे मी म्हटलेले नाही. उलट ठोकण्यातून वाचलेला वेळ त्यालाच द्यावा.

उत्तर : जुना वॉर्ड

हृदयाच्या सीमांवरून मी भांडणार नाही, फक्त परीक्षकांना हे कोणीतरी कळवावे.

आडाखे शोधण्याची जागा म्हणजे सुरक्षिततेचे तक्ते, आणि त्यांहूनही अधिक, औषध बाजारात आल्यानंतर नियामकांनी लेबलात, म्हणजे त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात, केलेले बदल. चाचणीचा सारांश फायद्याबद्दल बोलतो. लेबलातली सुधारणा बहुधा कोणाचा तरी आडाखा चुकल्यानंतर येते. साखर न वाढता होणाऱ्या किटोॲसिडोसिसचा इशारा 2015 मध्ये असाच आला. दुसरी जागा तुमच्याच विभागातली मृत्यू आणि गुंतागुंतीची बैठक. तेथे कोण चुकले याची चर्चा लांबते. तुम्ही मात्र त्या रात्री कोणते गृहीतक धरले गेले होते, एवढेच टिपून ठेवा.

वादाचे उत्तर: अमेरिकेच्या नियामकाने 2020 मध्ये लेबलात घातलेल्या सूचनेनुसार नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन किमान 3 दिवस आणि अर्टुग्लिफ्लोझिन किमान 4 दिवस बंद ठेवावे. खाणेपिणे पूर्ववत झाल्यावर आणि किटोॲसिडोसिसची इतर कारणे दूर झाल्यावरच ते पुन्हा सुरू करावे. शस्त्रक्रिया तातडीची असेल आणि गोळी सकाळीच घेतलेली असेल, तर शस्त्रक्रिया लांबवू नका. भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा आणि नंतरच्या दिवसांत ग्लुकोमीटरवर विसंबून न राहता रक्तातील किटोन आणि बायकार्बोनेट पाहत राहा. हृदयासाठी ही गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या कागदावर "मधुमेह" असा शब्द कुठेच नसू शकतो, त्यामुळे औषधांची यादी स्वतः वाचा.